अण्णांचं जवळचं रेल्वे स्टेशन

आज लय दमलेय, तरी लिहिते.

माझे वडील, अण्णा, निवृत्त फौजी. त्यांचा माजी सैनिकांचा फॉर्म भरायला आम्ही दोघं सांगलीला गेलो होतो. त्यात ‘जवळचं रेल्वे स्टेशन’ असा रकाना. अण्णांनी कवठे महांकाळकडचं आमचं स्टेशन सांगितलं. नॅरोगेजची छोटी गाडी बंद झाल्यापासून तिथं नुसत्या बाभळी आहेत.

कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, “आजोबा, हे यादीतच नाही.”

“असं कसं पोरी? भरतीला तिथनंच गेलो की!”

तासभर अण्णा हटेनात. शेवटी वैतागून मीच ‘मिरज’ टाकायला लावलं.

एसटीतून उतरून घरी येताना त्यांनी रिक्षा त्या स्टेशनापाशी थांबवली. मोडक्या फलाटावर जाऊन उभे राहिले.

“सुट्टीवर आलो की माझी आई हितं हुबी असायची. मिरजंला ती कवाच आली न्हाई गं.”

सांगा, मी काय लिहायला हवं होतं?