न वाकणारा पाय

सन १९८३. माझं वय तेव्हा एक्केचाळीस, बायकोचं छत्तीस. घरात हातमाग होता, खड्ड्यातला. मी खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायचो आणि ती शेजारी जमिनीवर बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. माझी शाळा तिसरीपर्यंत. पण मी विणलेलं लुगडं गांधीबागेच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्यानं कधी परत केलं नाही, एवढं लिहितो.

तिच्या उजव्या गुडघ्याच्या वर सूज आली. मी म्हटलं, शीर चढली. चार महिने मोहाचं तेल मीच चोळलं, चांगला जोर लावून. ती ओरडत नव्हती, म्हणून मला वाटलं उतरून राहिलं. शेवटी तिचा भाऊ मला न विचारता तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तुकडा काढून तपासला. हाडाचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरनं आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक, मांडीतून पाय कापायचा. दुसरा, गाठीसकट हाड काढून आत सळई टाकायची. पाय राहील, पण गुडघा जन्मभर वाकणार नाही, आणि गाठ परत यायची भीती जास्त. छातीच्या फोटोत एक डाग दिसतो, तो त्याचाच असला तर मग कशानंच फार फरक पडणार नाही. परवा सकाळी सही करायला या.

"पाय ठेवा," मी तिथंच सांगून टाकलं.

घरी जाताना सायकलरिक्षात ती बोलली.

"मले नाई विचारलं तुमी."

"त्यात काय विचाराचं? धडधाकट पाय हाय, कापाचा काहून?"

"न वाकणारा पाय घेऊन मी काय करू जी? चुलीपाशी कशी बसू? कांड्या कशा भरू? संडासले कशी बसू, तुमी धरान काय मले?"

रिक्षावाला हसला. मी त्याला समोर पाहायला सांगितलं.

"लोक लंगडी म्हणतीन वं तुले."

"अन् सळई टाकल्यावर काय नाचणारी म्हणतीन? कापला त खाली तरी बसता येईन."

खरं म्हणजे लोक तिला नाही, मला काय म्हणतील ते माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बांबूची एक जाड चीप आणि लुगड्याच्या दोन चिंध्या माझ्यापुढं टाकल्या.

"बांधा. माह्या नाई, तुमच्या पायाले. एक दिवस काढून दाखवा, मंग तुमचं आयकीन."

मी बांधली. हट्ट माझ्यात तेव्हाही कमी नव्हता. मागावर बसलो तर पाय खड्ड्यात उतरेना, समोर लाकडासारखा ताठ. संडासात भिंतीला धरून उभा राहिलो आणि पडलो. जेवताना पाय खोलीभर पसरला. ती काठी टेकत आली आणि तो ओलांडून मला भाकर वाढून गेली. संध्याकाळपर्यंत एक वीतभर कापड झालं नाही.

तरी मी म्हटलं, "सवय होते."

"सवय व्हाले किती दिवस हायेत जी माह्यापाशी?"

तिनं रागानं विचारलं नाही. सूत किती उरलं विचारावं तसं विचारलं. मी चिंधीची गाठ सोडत बसलो. ती लवकर सुटेना.

पुढचं इथंच लिहून टाकतो, उगा कोणी आशा धरू नये. तो डाग त्याचाच होता. ती अकरा महिने जगली. त्यातले तीन-चार महिने तिला जमिनीवर बसता आलं, बाकीचे खाटेवर. चार महिने तेल चोळलं नसतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरला विचारलं नाही. अजूनही कोणाला विचारत नाही.

त्या चिपेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेलो आणि मी पाय कापायच्या कागदावर सही केली. एकेक अक्षर लावून, सावकाश. नर्सबाई म्हणाल्या, त्या पायातली जोडवी काढून घ्या. आमच्यात जोडवी नवरा मेल्यावरच उतरवतात. तिनं स्वतः हात लावला नाही, तोंड भिंतीकडं केलं. बोटं सुजल्यानं जोडवी निघत नव्हती. मी नळाजवळचा साबण आणला, खाली बसलो आणि काढली.