बारा फुटांची काठी

माझा थोरला भाऊ शिंपी. माणूस दुकानाच्या दारात उभा राहिला की टेप गळ्यातून काढायच्या आधीच दादाला त्याचं माप कळायचं. माझं तसं नाही. मी लोखंडी कपाटं विकतो आणि जन्मभर गिऱ्हाइकाला एकच सांगत आलोय, "मोठं घ्या साहेब. लहान घेतलं की माणूस पस्तावतो."

रविवारी दादा गळ घेऊन तळ्यावर जायचा. तळं कसलं, विटांसाठी माती काढून राहिलेला खड्डा. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडच्याने रुमाल काढावा, एवढंच. मागे झुडपं, डोक्यावर फांद्या. तिथे बुटक्या स्टुलावर बसून तो साडेपाच फुटांची जुनी काठी नुसत्या मनगटाने हलवायचा आणि गळ काठच्या गवतात अलगद सोडायचा. "मासा लांब नसतो रे, पायाशीच असतो," म्हणायचा. मी म्हणायचो, "त्या छडीने मासे धरतोस की शाळा घेतोस?" उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

तो साठ वर्षांचा झाला तेव्हा मी त्याच्यासाठी नवी काठी घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "पाणी केवढं आहे? मागे झाडं आहेत? काठावरूनच टाकणार ना? मग सहा फुटांच्या वर जाऊ नका." मला राग आला. विक्री मला शिकवतो! मी सगळ्यात लांब, बारा फुटांची काठी उचलली. आणि दादाने नवीच वापरावी म्हणून जुनी परस्पर भंगारवाल्याला देऊन टाकली. हा शहाणपणाही माझाच.

दादाने नव्या काठीवरून हात फिरवला. "झकास आहे," म्हणाला. वहिनी हसली, "नाकापेक्षा मोती जड!" दादाने तिला डोळ्यांनीच दटावलं.

तीन-चार रविवार तो गेला. मागे घेतली की काठी झुडपात अडकायची, पुढे फेकली की गळ समोरच्या काठावर. लागलेला मासा बसल्या जागी हातात येईना. हे सगळं वहिनीने मला फार उशिरा सांगितलं. दादा तळ्यावर जायचा थांबला आणि रविवारीही मशीन चालवू लागला. मला वाटलं, धंदा वाढला. मी चारचौघांत कौतुकही केलं.

सहा वर्षं गेली. त्याचे गुडघे गेले. आता पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढाच त्याचा प्रवास.

गेल्या महिन्यात त्याच्या खोलीतलं कपाट मी सरकवलं, तर मागे काठी निघाली, जोड सोडवून पिशवीत ठेवलेली. बाहेर काढली. मुठीच्या वर खडूच्या दोन पांढऱ्या रेघा होत्या. कात्री लावायची तिथेच तो कापडावर अशी रेघ मारतो.

"दादा, कापायची होती ना ही? मग कापली का नाहीस?"

"कापणारच होतो. करवतसुद्धा आणली होती." तो खिडकीबाहेर बघत होता. "मग वाटलं, ही तुझ्या उंचीला बरोबर आहे. तुकडे कशाला करायचे? एखाद्या रविवारी आलास, तर तुला लागेल."

"अरे, मग मला बोलवायचंस तरी!"

"तुला दुकान असतं," तो म्हणाला. "म्हटलं, कशाला खोळंबा करायचा."

त्याने ते अगदी मनापासून म्हटलं. एवढ्या वर्षांत मी त्याच्याबरोबर एकदाही गेलो नव्हतो, आणि रविवारी माझं दुकान बंद असतं.