रोवणीची तीन मिनिटं

लग्नाकार्यात कुणी मोबाइल वर धरला की मला राहवत नाही. ऊन पाठीशी घे, हात हलवू नको आणि मुख्य म्हणजे तोंड बंद ठेव, असं मी न विचारता सांगतो. पोरं मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडी.

मायच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आणि माय म्हणजे नागभीडकडच्या आमच्या गावात रोवणीचं गाणं उचलणारी बाई. तिने ओळ टाकायची आणि धान रोवणाऱ्या बाकीच्या बायांनी ती झेलायची. तो आवाज कुठंतरी ठेवावा म्हणून मी कॅमेऱ्याचा मोबाइल घेतला आणि गडचांदूरच्या नोकरीवरून सुटी काढून गावी आलो. तेव्हा असला मोबाइल गावात नवलाचाच होता. त्यात जेमतेम तीन मिनिटांचा व्हिडिओ मावायचा.

घरीच गा म्हटलं तर ऐकेना. "रोवनीचं गानं घरी बसून म्हन्तेत का कोनी? झेलाले कोन हाये इथी?"

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशीही ती धानाच्या बांधीत उतरली. आवाज फाटला होता, पण गात होती. लग्नात व्हिडिओवाला वरातीच्या पुढे उभा राहतो आणि वरात त्याच्याकडे चालत येते, एवढंच माझ्या डोक्यात. बाया ज्या बाजूला सरकत होत्या, त्या बाजूच्या कोरड्या धुऱ्यावर जाऊन मी मोबाइल धरला. धानाच्या गावात जन्म काढून मला एवढं सुचू नये! रोवणी उलट्या पावली चालते. धानाचे पऱ्हे चिखलात रोवत बाया मागे मागे सरकतात. माझ्याकडे येत होत्या त्या नुसत्या वाकलेल्या पाठी, आणि ऊन समोरून.

रेकॉर्डिंग तर सुरू झालं होतं. पलीकडे जायचं तर मध्ये बांधीभर चिखल. मग मी बोंबलायला लागलो. "माय, इकडे पाह्य! अवं, मान वर कर! जोरात म्हन!"

ती वळेना. गाणं उचलणारी बाई थांबली की सगळी ओळ थांबते. शेवटी गाणं तोडून ती वळली.

"काऊन बोंबलून राह्यला बापा? तू चूप राह्यशील तवा गानं आयकू येईल न!"

बाया हसल्या. व्हिडिओ तिथंच संपला.

तो मी नीट पाहिला ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर. पाठी काळ्याठिक्कर. मोबाइलजवळ मीच, म्हणून माझाच आवाज मोठा, आणि गाणं लांबच्या घरातून आल्यासारखं. मायचं स्वच्छ ऐकू येत होतं ते एकच, मला रागावलेलं. मला रडू फुटलं. आत तेव्हा तिचं ऑपरेशन चाललं होतं.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी तिने खुणेनं मोबाइल मागितला. "माय, माझं चुकलं, मी पलीकडून..." मी सांगायला लागलो, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने मोबाइल कानाला लावला. तीन मिनिटं तिने तो हात काढला नाही. मी गप्प होतो. मोबाइलमधला मी मात्र बोंबलतच होतो.