आरतीआधीचा खांब

श्रावण लागला की धुळ्याच्या बाजारात केळीच्या खांबांचे ढीग येऊन पडतात. नुकत्याच कापलेल्या बुंध्यांचा ओला, तुरट वास सगळ्या रस्त्यावर पसरतो. त्या वासाने कुणाला पूजा आठवते, कुणाला लग्नाचा मांडव. मला मामा आठवतो, आणि तोंड कडू होतं.

मामाचं गाव नरडाण्याहून पुढे, तापीकाठी. तिथे पोहायला शिकायचं ते केळीच्या खांबावर. मळ्यातली केळी कापली की मामा एक जाडजूड बुंधा विहिरीत टाकायचा, आम्हा भाचरांना त्यावर पालथं घालायचा आणि बजावायचा, "खांब सोडू नको पोरी. बुडनारा मानूस सोतानी मायलेबी दाबी देस." आम्ही हसायचो. आईला कोण कशाला दाबेल?

ऐंशीच्या दशकातला तो श्रावण. मामाकडे कानबाई देवी बसली होती. रविवारी रोटांच्या नैवेद्याचा स्वयंपाक, रात्रभर गाणी आणि सोमवारी विसर्जन. देवीच्या दोन्ही बाजूंना बांधलेले खांबही देवीबरोबर नदीवर न्यायचे, आरती झाली की पाण्यात सोडायचे, ही तिथली रीत. मामाच्या खांद्यावर एक खांब होता, सदऱ्यावर चिकाचे डाग पडले होते. तापी गढूळ, फुगलेली. आरतीची ताटं अजून पेटायची होती, तोच शेजारच्या घरचे पाहुणे आलेले जावई हौसेने पुढे गेले आणि पायाखालची वाळू सरकून ओढीला लागले.

काठावर सगळं गाव होतं आणि सगळं गाव मामाकडे बघत होतं. "पव्हणारा तू शे ना! देखस काय? मार उडी!" ओरडायला पोहता यावं लागत नाही. मामाने खांब खांद्यावरून उतरवला, कुणाचा पाय लागू नये म्हणून उंच दगडावर नीट टेकवला, त्याला हात जोडले आणि मोकळ्या हातांनी उडी मारली. ज्याने आम्हाला खांब सोडू नको म्हणून शिकवलं त्याने! पण विहिरीतला खांब हा केळीचा बुंधा होता आणि हा देवीचा खांब होता. त्या क्षणी त्याला दोन्ही एकच वाटले नाहीत.

जावयाने त्याच्या गळ्याला मिठी मारली. मामी किंचाळली, "खांब टाका, खांब!" एका पोराने दुसऱ्या खांबाला हात घातला, तर एक आबा त्याच्यावर खेकसले, "आरती व्हयनी नही आजून! देवीना खांब शे तो!" पोराचा हात मागे आला. खालच्या अंगाने भोई नाव घेऊन येईपर्यंत जावई मामाच्या खांद्यांवर चढून तग धरून होते. ते वाचले. मामा वर आलाच नाही. मग रडत रडत घाईने आरती उरकली गेली, खांब पाण्यात सोडले, आणि ते निर्लज्जासारखे तरंगत गेले.

गावाने मामाला वीर ठरवलं. वीर म्हटलं की बरं असतं, काठावरच्यांना कुणी काही विचारत नाही. मला तो शब्द अजून सहन होत नाही.

पुढच्या वर्षी मामी स्वतः नदीवर आली. तिने एका खांबाला विहिरीचा दोर बांधला, आरतीआधीच तो पाण्यात लोटला आणि दोराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. आबा काही बोलणार, तोच म्हणाली, "आरती मंग. आधी बठ्ठा मानसं बाहेर येऊ द्या." सगळी माणसं पाण्याबाहेर येईपर्यंत तिने दोर सोडला नाही. हात चालत होते तोवर दर श्रावणात ती तशीच उभी राहायची.

मामी गेली त्याला बरीच वर्षं झाली. यंदा मी विसर्जनाला गेले होते. मामाच्या सुनेने दोन्ही खांबांना लाल नाडा बांधला, हळदकुंकू वाहिलं आणि आरतीआधीच ते पाण्यात सोडून दिले.

"दोर कुठे गं?" मी विचारलं.

"दोर कसाना, अक्का? आपला घरनी रीत शे, पहिले खांब, मंग आरती."

खांब ओढीला लागून वळणाआड गेले. मग ताटं पेटली, आणि पोरंटोरं हसतखिदळत कमरेएवढ्या पाण्यात उतरली. मी काठावर नजर फिरवली. तिथे आता एकही खांब नव्हता.