माझे गुडघे आणि हिची टेकडी

आमची ही बायकांचे कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, दारामागे अर्धवट शिवलेले कपडे, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं आणि पोत्याला टेकून, गेली सहा वर्षं, एक कुदळ आणि घमेलं. बाहीवरून भांडायला आलेल्या बायकांची नजर कुदळीवर गेली की बाही आपोआप बरोबर होते.

घरामागे टेकडी आहे. सहा वर्षांपूर्वी पावसाच्या पाण्यानं तिची पायवाट उसवली (हा शब्द हिचाच), तेव्हापासून ही रोज सकाळी वर जाते. पाणी वाटेवरून न धावता कडेला उतरावं म्हणून आडवे दगड बसवते, वळणं नीट करते. "नुसतं ठिगळ लावून भागत नाही, आतून शिवण घालावी लागते," म्हणते. हे काम तिला कुणी सांगितलेलं नाही आणि त्याबद्दल कुणी काही देतही नाही. मी कचेरीत तेहतीस वर्षं काढली आहेत. फुकट काम करणारा माणूस मला अजूनही संशयास्पद वाटतो.

तिचा वैरी एकच, चोरवाट. पायवाट वळसे घेत चढते आणि लोकांना घाई असते, म्हणून कुणीतरी सरळ उभ्या चढानं दुसरी वाट पाडली होती. तिथलं गवत मेलं, माती सुटली. ही त्या वाटेवर काटेरी फांद्या टाकायची, दगड लोटायची. दोन दिवसांत सगळं बाजूला झालेलं असायचं. "कोण मेला आहे तो, एकदा सापडू दे," ती जेवताना म्हणायची, "तंगड्यांचं मापच घेते त्याच्या." मी खाली मान घालून जेवत असे.

तिनं मला मदतीला बोलावलं नाही असं नाही. पण माझे गुडघे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून ते दुखू लागले. चढाचं नाव काढायची सोय नव्हती. दुपारी चारला मी हळूहळू वाचनालयात जायचो आणि सहाला त्याहून हळू परत यायचो. मग ही मशीन बंद करून माझ्या गुडघ्यांना तेल चोळायची. दगड उचलून तिच्या तळहातांची सालं निघालेली असायची, ती मला गुडघ्यावर खरखरीत लागायची.

चांगलं चाललेलं काम दिसलं की माणसं त्याची समिती करतात, तशी इथंही झाली. अध्यक्ष प्लास्टिकच्या पाइपांचे व्यापारी. समितीनं पुष्कळ बैठका घेतल्या, चाळीस हिरव्या टोप्या केल्या (शिवल्या हिनेच) आणि 'झाडांना इजा करू नका' असा फलक पायथ्याच्या झाडाला चार खिळे ठोकून लावला.

एवढ्यात नगरपालिकेच्या कार्यालयाचं पत्र आलं. टेकडीची पाहणी होणार होती. नियम सरळ होता. टेकडीवर लोकांची चालती वाट असेल तर टेकडी लोकांची. नसेल तर ती मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेवर गाड्यांचा तळ करायचं आधीच ठरलेलं होतं. हिनं त्या आठवड्यात दोन कपडे उलटे शिवले.

साहेब येणार म्हटल्यावर समितीनं साहेब येण्याआधी करतात तेच केलं. आदल्या दिवशी सगळी पायवाट खराट्यानं झाडून घेतली, वर पाणी शिंपडलं, दोन्ही टोकांना फीत बांधली आणि टोपीवाले पहारेकरी उभे केले. ही कळवळून सांगत होती, "अहो, वाट आहे ती, माणसं चालू देत की." अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, साहेबांसमोर शोभा नको."

साहेब आले. वाकून वाट पाहिली. "इथून कुणी जातं का?"

"छे," अध्यक्ष छाती काढून म्हणाले, "कालपासून एकाला पाय ठेवू दिला नाही."

"म्हणजे वापर नाही," साहेब म्हणाले आणि लिहू लागले.

अध्यक्षांना घाम फुटला. आत्ता माणसं बोलावतो, म्हणाले. बोलावून चालवलेली माणसं धरत नाहीत, साहेब म्हणाले. मी पायथ्याशी काठी टेकून उभा होतो. हिचा चेहरा पार उतरला. मग ती म्हणाली, "साहेब, जरा इकडे या." आणि स्वतःच्या पायांनी त्यांना चोरवाटेपाशी घेऊन गेली.

कालचे ताजे ठसे होते. विझलेल्या काड्या होत्या. बाजूला केलेल्या काटेरी फांद्यांजवळ बदामाची तिर्री पडली होती.

"ही मात्र रोजची वाट दिसते," साहेब म्हणाले. "कोण जातं इथून? नाव हवं."

आमचा न्हावी आणि औषधवाला टोप्या सारख्या करत आभाळाकडे पाहू लागले. "सांगा ना कुणीतरी," ही म्हणाली. सहा वर्षं हाच प्रश्न तिनं रागानं विचारला होता. आज ती हात जोडून विचारत होती. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"मी जातो," मी म्हणालो. "रोज चार वाजता. वर पत्ते खेळतो. हे दोघंही असतात."

"वय?"

"त्रेसष्ट."

"चढायला त्रास?"

हिनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"काही नाही," मी म्हणालो. साहेबांनी लिहिलं, 'ज्येष्ठ नागरिकही सहज ये-जा करतात.'

टेकडी वाचली. समितीनं अध्यक्षांचा सत्कार केला. नकाशावर लाल रेघ आली ती चोरवाटेची. हिच्या सहा वर्षांच्या वाटेचा त्यात मागमूस नाही. खाली शेरा आहे, नोंदलेली वाट सुस्थितीत ठेवावी. म्हणजे वैरीणच आता हिच्या गळ्यात पडली.

पाहणीच्या संध्याकाळी मी सवयीनं पाय लांब करून बसलो होतो. ही तेलाची बाटली घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली फळीवर ठेवली.

"उद्या सहाला निघायचं," म्हणाली. "घमेलं तुम्ही घ्या. त्या दोघांनाही निरोप द्या."

त्याला आता आठ महिने झाले. चढावर शंभरावर दगड बसवले, त्यातले निम्मे मी वाहिले. गुडघे आता खरंच दुखतात, पण ते सांगायचं कोणाला?