धाकट्या धारेचं तोंड

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. नाशिकच्या खाली, आमच्या मळ्याजवळ तिच्यात एक बेट आहे आणि बेटाच्या नाकाशी ती दोन धारांत फुटते. मोठी धार पलीकडून जाते, धाकटी आमच्या बांधाला लागून. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाण्याची मोटार धाकटीवर. शेवंती, मेथी, कोथिंबीर, सगळं तिच्या जिवावर.

दसऱ्याला विकून उरलेला झेंडू अण्णा संध्याकाळी बेटाच्या नाकाशी नेऊन पाण्यात सोडायचे. त्यांच्या वडिलांचीही तीच रीत. फुलं कुठल्या धारेला लागतात ते बघायचं. ती नेहमी मोठीला लागायची. मग अण्णा म्हणायचे, गंगेचा ओढा तिकडं हाय, वाळूही तिकडंच जाणार, आपली धार साफ. झालं, वर्षभराची काळजी मिटली. लहानपणी धाकटी ओलांडताना मी त्यांच्या खांद्यावर असायचे आणि पाणी त्यांच्या छातीला लागायचं. पुढे ते कमरेला आलं, मग गुडघ्याला. अण्णा म्हणायचे, धरणातून पाणी कमी सोडतात. आम्हाला पटायचं. न पटायला काय झालं?

मी गंगापूर रोडला राहते आणि नद्यांची मॉडेलं बनवतात तिथे नोकरी करते. पत्र्याची मोठी शेड, सिमेंटच्या छोट्या नद्या, पंपाने सोडलेलं पाणी. माझं काम नोंदी घेण्याचं. मागच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दोन धारांत फुटणाऱ्या नदीचं मॉडेल चालू होतं. साहेबांनी वर कागदाचे कपटे सोडायला लावले आणि तळाला वाळू. कपटे सरळ मोठ्या धारेला गेले. वाळू तळातून घरंगळत आली आणि वळून धाकटीत शिरली. तीनदा केलं, तीनदा तेच. साहेब म्हणाले, वरचं पाणी जोरात असतं, ते सरळ जातं. तळाचं हळू, ते सहज वळतं, आणि वाळू तर तळाशीच असते. मी वहीत लिहिलं. धाकटीच्या तोंडाशी वाळूचा उंबरा झालेला बघून मला आमचा बांध आठवला. हात धुऊन डबा खाल्ला.

त्या दसऱ्याला अण्णांना एक उत्तर द्यायचं होतं. चुलतकाका त्यांच्या विहिरीवर आम्हाला पाण्याची पाळी द्यायला तयार होते. अण्णा नाही म्हणाले तर ती शेजारच्या मळ्याला जाणार होती. अण्णा म्हणाले, गंगेला विचारून सांगतो. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यातून बेटावर गेलो. त्यांनी झेंडूची पाटी उपडी केली. फुलं मोठीला लागली. अण्णा खूश. तुमच्या शेडीतली गंगा असं सांगती का, म्हणून मला चिडवलंसुद्धा.

मी हसले. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. का नाही सांगितलं? ते खुशीत होते. मी दमले होते. वाद घालायचा कंटाळा आला, हेच खरं असेल. घरी येऊन त्यांनी काकांना नाही म्हणून कळवलं.

या पावसाळ्यात पूर आला. ओसरला तेव्हा धाकटीचं तोंड वाळूने बुजलेलं होतं. जेसीबी लावून उकरलं, पुढच्या पाण्यात परत भरलं. मग नुसती डबकी उरली, तीही आटली. मोटारीचा पाइप वाळूत. शेवंतीला कळ्या धरल्या आणि जागेवरच वाळल्या. मी शनिवारी यायचे, आईबरोबर झाडं उपटायचे, रविवारी परत जायचे. लाज वाटायची, पण तीही बधिर, दात काढल्यावर गाल असतो तशी.

दसऱ्याला पावसावर आला तेवढा झेंडू आला. उरलेली अर्धी पाटी घेऊन अण्णा निघाले, मी मागे. धाकटीतून आम्ही चपला घालून गेलो. फुलं मोठीला लागली. दुसरीकडे जायला वाटच नव्हती. अण्णा तिथेच बसले. फुलं तर कधी खोटं बोलली नाय, म्हणाले, मग वाळू इकडं आली कशी?

तेव्हा मी सांगितलं. वरचं पाणी, तळाचं पाणी, कपटे, वाळू. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पटल्यासारखी मान हलवली.

“हे तुला कधी कळलं?”

“मागच्या दसऱ्याच्या आधी.”

अण्णांनी पाटी झटकली. तिच्यात काही उरलं नव्हतं, तरी दोनदा झटकली.

“तव्हा तू इथंच उभी होती,” ते म्हणाले. “माझ्याशेजारी.”

“हो.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाटी काखेत मारून ते वाळूवरून घराकडे चालू लागले आणि मी त्यांच्या मागे.