आठ घरांचा परकर

घर बांधून झालं की दोन गोष्टी उरतात. फुटक्या फरश्यांचा ढीग आणि किस्से. फरश्या कुणीतरी उचलून नेतं. किस्से मात्र वाढत जातात, कारण प्रत्येक शेजारी त्यावर आपला एक थर चढवतो! त्यात आम्ही आठही शेजारी पत्रकार. म्हणजे बघा! तरी खालचे सगळे मी जवळून पाहिलेले आहेत.

*

नव्वदच्या दशकात आम्ही आठ जणांनी मिळून कोपरखैरण्यात आठ रो-हाउस बांधली. जमीन भरावाची. घरं उभी राहिली, एक पावसाळा गेला आणि भराव चांगला वीतभर खाली बसला. आठही घरांच्या तळाशी पायाच्या काँक्रीटची करडी, ओबडधोबड कड उघडी पडली. माझी बायको सुलभा रिक्षातून उतरली, जागीच थबकली आणि म्हणाली, "अहो, घराचा परकर दिसतोय!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. सुलभाचे वडील अण्णा, राहणार कराड, पाटबंधारे खात्यातले रिटायर्ड ओव्हरसिअर. त्यांनी आधीच बजावलं होतं, "पाया मी स्वतः बघणार. पटला नाही, तर माझी मुलगी आणि नातवंडं तिथं राहायला जाणार नाहीत."

कुर्ल्याच्या एका खोलीत चौदा वर्षं काढलेली सुलभा वडिलांचा शब्द मोडणारी नव्हती. आणि वास्तुशांत महिन्यावर आली होती.

*

आमचा कॉन्ट्रॅक्टर पांडूशेठ, शेजारच्याच गावचा. त्याला बोलावून घेतलं. त्याने कडेवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, जमीन बसली हाय. घर नाय बसला."

माझं डोकं सटकलं! वीस वर्षं मी मंत्र्यांना प्रश्न विचारतोय आणि हा मला उत्तर देतो? म्हटलं, "उद्या पहिल्या पानावर येशील!" बाकीचे सात जणही मागून तेच ओरडले. प्रत्येकाचं पान वेगळं, एवढंच.

तेव्हापासून पांडूशेठ गायब. मी फोन केला, तर त्याची बायको म्हणाली, "ते मोऱ्याच्या बंदराला गेलंत." दुसऱ्याला सांगितलं करंजाडे गावाला. तिसऱ्याला साखरपुडा, चौथ्याला दाढदुखी. संध्याकाळी आम्ही आठही उत्तरं एकत्र मांडली आणि त्याच्या लबाडीचा सज्जड पुरावा हाती लागला म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या.

माणूस मात्र मिळाला नाही!

*

आमच्यातला कुलकर्णी क्राइम रिपोर्टर. त्याने स्वतःच्या घराचा रीतसर पंचनामा सुरू केला. रोज सकाळी टेपने उघडी कड मोजायची, खडूने रेघ मारायची, डायरीत नोंद करायची. पाचव्या दिवशी तो पांढराफटक चेहरा घेऊन आला. "अरे, जमीन रोज अर्धा इंच खचतेय! आणि फक्त माझ्याच घराची!"

आम्ही सगळे धावलो. बघतो तर कुलकर्णीची आई घमेलं घेऊन पायाशी बसलेली. शांतपणे माती खरवडत होती.

"आई, हे काय?"

"कुंड्या भरतेय. गच्चीवर मोगरा नको का?"

*

क्रीडा पान बघणारा देसाई म्हणजे कृतिवीर. "चर्चा कसली करता? झाकून टाका!" त्याच्याकडे बाथरूमच्या निळ्या टाइल्स उरल्या होत्या. घराला चारही बाजूंनी त्याने त्या कडेवर चिकटवल्या. दिसायला झकपक! आम्हालाही मोह झाला.

रविवारी सकाळी एक ट्रकवाला हातात टमरेल घेऊन देसाईच्या दारात उभा. देसाई पेपर वाचत होता.

ट्रकवाल्याने अदबीनं विचारलं, "भाईसाब, खाली है क्या?"

दुपारपर्यंत सगळ्या टाइल्स निघाल्या!

*

मी मात्र माझ्या हत्याराने लढायचं ठरवलं. 'भरावावरची घरं, वाऱ्यावरची माणसं' असा सणसणीत लेख लिहिला. घर कुणाचं, हे हुशारीने लपवलं. लेख गाजला. चौथ्या दिवशी कराडहून अण्णांचं इनलँड आलं.

'जावईबापूंस आशीर्वाद. लेख वाचला. असलं घर बांधणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही चाबकाने फोडलं पाहिजे. हे तुमचंच ना? येतो.'

सुलभाने पत्र वाचलं आणि बांधलेलं सामान पुन्हा सोडायला घेतलं. त्यापेक्षा चाबूक परवडला असता!

*

मग मी काय केलं? ट्रकभर, म्हणजे ब्रास-दोन ब्रास लाल माती मागवली, भिंतीलगत पार विटांवर येईपर्यंत ओढली आणि झेंडू लावले. कड गायब!

वास्तुशांतीच्या सकाळी सुलभा शालू नेसून, हातात कलश घेऊन उंबऱ्याशी उभी. अण्णा आले. त्यांनी झेंडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फावडं आणा."

गुरुजी म्हणाले, "मुहूर्त टळतोय."

"टळू दे. पाया ढळला तर काय करता?"

सत्तरीला टेकलेल्या माणसाने धोतर खोचून माझी सगळी बाग उपटली. मग हातोडी घेऊन कडेकडेने ठोकत निघाले. ठण्ण. दोन पावलं पुढे. ठण्ण. खिळ्याने ओरखडून पाहिलं. कोपऱ्याला कान लावला. दीडशे पाहुणे श्वास रोखून उभे.

घराला फेरी पूर्ण झाली. अण्णा कंबर धरून उठले.

"कडक काम आहे. कड दिसली म्हणून घर पडत नाही. तुम्ही माती विटांना टेकवलीत, त्याने मात्र ओल आणि वाळवी घरात शिरली असती, जावईबापू! कड उघडीच ठेवा, बाहेर उताराची फरशी टाका. सुलू, जा आत."

सुलभा आत गेली. मी तिथेच मातीच्या ढिगावर मटकन बसलो. महिन्यात प्रथमच छातीभर श्वास घेतला.

तेवढ्यात कुलकर्णी पुढे आला. "अण्णा, आमचंही जरा वाजवून बघता?" मग काय, पुढे अण्णा, मागे पत्रकार, त्यामागे पाहुणे, शेवटी गुरुजी, अशी मिरवणूक आठही घरांना फिरली. आठही घरं ठणठणीत!

परत येताना आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्यामागे पांडूशेठ दिसला. त्याला सुलभाने त्याच्या बायकोकरवी गुपचूप आमंत्रण दिलं होतं. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काम तर चोख केलंयस गड्या. मग महिनाभर तोंड लपवत का फिरलास?"

पांडूशेठने आम्हा आठ जणांकडे एकदा पाहून घेतलं.

"अन्ना, आठ पेपरवालं! काम चांगला केलाय असा परत बोललो असतो, तं त्याची पन चौकशी लावली असती!"